हनोईतला पहिला दिवस: पहाटे उतरल्यावर आईला घेऊन काय करावे?

प्रश्न: चरईची रहिवासी, ठाणे

नमस्कार. जानेवारीत मी आणि माझी आई (वय ६८) अशा दोघीच व्हिएतनामला जाणार आहोत. विमान मुंबईहून रात्री उशिरा सुटते आणि शनिवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास हनोईला उतरते. हॉटेल जुन्या शहरात, होआन कीएम तलावाच्या उत्तरेकडील गल्ल्यांमध्ये घेतले आहे. मात्र खोली दुपारी दोननंतरच मिळेल, असे त्यांनी कळवले आहे. आमच्या प्रवास संयोजकांचे म्हणणे असे की, मधला वेळ वाया घालवण्यापेक्षा विमानतळावरून थेट हालोंग उपसागराच्या सहलीला जावे आणि रात्री हॉटेलवर यावे.

आईचे गुडघे दुखतात. तरीही ती रोज सकाळी तलावपाळीला एक फेरी मारते. जिने मात्र तिला जमत नाहीत. ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. त्यातच नेमकी त्या दिवशी संकष्टी आहे आणि परदेशात असलो तरी उपवास मोडायचा नाही, हे तिने आधीच सांगून ठेवले आहे. हा पहिला दिवस कसा घालवावा, याबद्दल जाऊन आलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: नौपाडाकर

हालोंग पहिल्या दिवशी नकोच. हनोईपासून ते सुमारे १६० किलोमीटर आहे. द्रुतगती मार्गाने गेले तरी जायला अडीच तास, यायला अडीच तास आणि मध्ये बोटीवर चार-पाच तास, असा तो दिवसभराचा कार्यक्रम होतो. रात्रभर विमानात अवघडून बसलेल्या माणसाला लगेच पुन्हा गाडीत बसवणे योग्य नाही. शिवाय तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्यामुळे, साडेसहाला तुम्ही उतराल तेव्हा आईंच्या शरीराच्या हिशेबाने पहाटेचे पाचच वाजलेले असतील.

नोई बाय विमानतळ शहरापासून साधारण तीस किलोमीटरवर आहे. ८६ क्रमांकाची बस तिथून जुन्या शहराच्या बाजूने रेल्वे स्थानकापर्यंत जाते, परंतु सामान आणि गुडघेदुखी असताना ग्रॅब या मोबाइल ॲपवरून भाड्याची गाडीच बोलवावी. ग्रॅबचे खाते इथे ठाण्यातच उघडून ठेवावे, कारण नोंदणीसाठी लागणारा संकेतांक मोबाइलवर येतो आणि तिथे पोहोचल्यावर आपले सिम चालेलच असे नाही. सामान हॉटेलमध्ये ठेवावे (खोली तयार नसली तरी ते ठेवून घेतात) आणि आईंना घेऊन तलावावर जावे.

हनोई समजून घ्यायची असेल तर शनिवारची सकाळ आणि होआन कीएमचा काठ याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तलावाभोवतालचे रस्ते वाहनांना बंद असतात. एरवी दुचाकींच्या लोंढ्याने भरलेल्या त्या रस्त्यांवर सकाळी आजी-आजोबा संगीत लावून व्यायाम करतात, कोणी बॅडमिंटन खेळते, कोणी बाकावर बसून नुसते पाण्याकडे पाहत असते. ज्यांना तलावपाळीची सवय आहे, त्यांना तिथे परके वाटणार नाही. संपूर्ण फेरी दोन किलोमीटरपेक्षा थोडी कमी आहे आणि वाटेत बसायला जागा भरपूर आहेत, त्यामुळे आईंना जमेल तेवढेच चालावे.

तलावातल्या छोट्या बेटावर न्गॉक सोन मंदिर आहे आणि तिथे जायला लाल रंगाचा लाकडी पूल आहे. पंधराव्या शतकात ले लोई या राजाने चीनच्या मिंग सैन्याला हुसकावून लावल्यानंतर, ज्या तलवारीने तो लढला ती तलावातल्या कासवाने परत मागून घेतली, अशी कथा तिथे सांगतात. तलावाचे नाव त्या कथेवरूनच पडले आहे. मंदिरातल्या काचेच्या पेटीत याच तलावातले प्रचंड कासव जतन करून ठेवले आहे, ते आवर्जून पाहावे. देवापुढे फुले आणि फळे असतातच, पण बिस्किटांचे पुडे आणि शीतपेयांचे डबेही नीट रचून ठेवलेले दिसतात. आईंना ते पाहून नक्कीच बोलावेसे वाटेल.

दुपारी दोन वाजता खोली मिळाली की दोघींनी झोपावे. संध्याकाळी तलावाच्या ईशान्य कोपऱ्यावरच्या थांग लाँग नाट्यगृहात पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ पाहावा. लाल नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीच्या पाण्यात ही कला वाढली. कलाकार पडद्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून लांब काठ्यांनी बाहुल्या नाचवतात. खेळ तासाभरापेक्षा कमी वेळाचा असतो, बसून पाहायचा असतो आणि भाषा न येताही समजतो. पहिल्या संध्याकाळी याहून अधिक काही ठरवू नये.

उत्तर: नेरुळहून

तलावाबद्दल पूर्ण सहमत. परंतु दोनपर्यंत खोलीशिवाय राहण्याचा सल्ला मला पटत नाही. तुमचे-आमचे ठीक आहे, पण ६८ वर्षांच्या बाईंना आंघोळ करून, साडी किंवा ड्रेस बदलून, तासभर आडवे होता यायला हवे. त्यातून उपवास आहे, म्हणजे आंघोळ आणि पूजा आधी होणार. हॉटेलला आजच लिहून शुक्रवार रात्रीचीही खोली घ्यावी आणि आम्ही शनिवारी सकाळी येणार आहोत, हे स्पष्ट कळवावे, म्हणजे आपण आलो नाही असे समजून ते खोली दुसऱ्याला देणार नाहीत. एका रात्रीचे भाडे जास्त गेले तरी पुढचे सगळे दिवस चांगले जातात.

त्याच पत्रात लिफ्टचेही विचारावे. जुन्या शहरातली घरे दर्शनी बाजूला अगदी अरुंद आणि आत लांबच लांब असतात. अशा इमारतींतल्या कितीतरी छोट्या हॉटेलांना लिफ्टच नसते, तर काही ठिकाणी लिफ्टपर्यंत पोहोचायलाच पायऱ्या चढाव्या लागतात.

थंडीचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. आग्नेय आशिया म्हटले की आपल्याला उकाडाच आठवतो. मात्र हनोईत जानेवारीत तापमान १० ते १५ अंशांपर्यंत उतरते आणि हवा ओलसर असल्यामुळे ती थंडी सांध्यांना जाणवते. स्वेटर, पायमोजे आणि कानटोपी हातातल्या पिशवीतच असू द्यावी.

पैशांबाबत एकच गोष्ट जपावी. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग मिळतात, त्यामुळे नोटांवर शून्येच शून्ये असतात. २०,००० ची आणि ५,००,००० ची, या दोन्ही नोटा निळसर आहेत. पहिली म्हणजे आपले सत्तर रुपयेसुद्धा नव्हेत आणि दुसरी म्हणजे जवळजवळ सतराशे रुपये. झोप अपुरी झालेली असताना, गाडीतल्या अंधारात, ही गफलत सहज होते. विमानतळावर पैसे बदलून घेतल्याबरोबर पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.

ई-व्हिसाच्या अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसेच, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट भरले आहे ना, हे पुन्हा पाहावे. अर्जात प्रवेशाचे ठिकाणही निवडावे लागते, तिथे नोई बाय असायला हवे. कागदावर छापलेली प्रत दोघींकडे स्वतंत्र ठेवावी.

उत्तर: ऐरोलीकर

उपवासाची काळजी नसावी. थंडीच्या दिवसांत हनोईच्या रस्त्यांवर निखाऱ्यांवर भाजलेली रताळी मिळतात. केळी, पेरू, ड्रॅगन फळ कुठेही मिळते. दाण्याचा लाडू आणि राजगिऱ्याच्या वड्या इथून न्याव्यात.

प्रश्न रात्रीच्या जेवणाचा आहे. जानेवारीत तिथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चंद्रोदयही तिथल्या घड्याळात आपल्यापेक्षा थोडा लवकर, साडेआठ ते नऊच्या दरम्यान येईल. हनोईची नेमकी वेळ पंचांगाच्या ॲपमध्ये गाव बदलून पाहून ठेवावी, कारण त्या महिन्यात आभाळ बहुधा भरलेले असते आणि चंद्र दिसेलच असे नाही. छोटी भोजनालये लवकर आवरू लागतात, म्हणून जेवण संध्याकाळीच बांधून आणावे.

साध्या भाजी-भातावरही माशाचा रस घातलेला असू शकतो आणि फो या तिथल्या नूडल्सच्या सूपचे पाणी बहुधा गोमांसाच्या हाडांचे असते, तेव्हा नुसते "मांस नको" म्हणून भागत नाही. मांस, मासे, अंडी आणि माशाचा रस यांपैकी काहीही नको, अशी चिठ्ठी हॉटेलच्या माणसाकडून तिथल्या भाषेत लिहून घ्यावी. बौद्ध परंपरेमुळे तिथे शुद्ध शाकाहारी भोजनालये आहेत. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक मांसाहार टाळतात, त्यामुळे अशी मागणी त्यांना विचित्र वाटत नाही.

चरईची रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. हालोंग तिसऱ्या दिवशी ठेवले आहे आणि शुक्रवार रात्रीच्या खोलीसाठी हॉटेलला लिहिले आहे. आईने ऐरोलीकरांचे उत्तर दोनदा वाचून घेतले. एक शंका राहिली: शनिवारी रस्ते बंद असतील, तर आमची गाडी हॉटेलच्या दारापर्यंत जाईल का? आणि दुचाकींच्या गर्दीतून आईला रस्ता कसा ओलांडून न्यावा?

नौपाडाकर

शंका रास्त आहे. हॉटेल बंद भागात असेल तर गाडी अलीकडेच थांबेल आणि उरलेले अंतर सामान ओढत जावे लागेल. गाडी नेमकी कुठपर्यंत येते आणि सामान घ्यायला कोणी पुढे येईल का, हे हॉटेललाच विचारून ठेवावे.

रस्ता ओलांडताना एक लक्षात असू द्यावे की तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून आधी डावीकडे पाहायचे. पाऊल टाकल्यावर एकाच संथ गतीने चालत राहावे. दुचाकीस्वार तुमची चाल पाहून बाजूने वळण घेतात. मध्येच थांबणे किंवा मागे फिरणे, हेच धोक्याचे. मोटार किंवा बस येत असेल तर मात्र तिला जाऊ द्यावे. आईंचा हात धरून तुम्ही वाहनांच्या बाजूला राहा, आणि पहिल्या दिवशी शक्यतो सिग्नल असलेल्या ठिकाणीच रस्ता ओलांडा.