पप्पा गेल्यानंतरचा पहिला नाताळ, चांदणी लावायची का नाही?

चांदणी_नगर
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमचे पप्पा सप्टेंबरात प्रभूकडे गेले, सकाळी चहा पिऊन पेपर वाचत बसले होते, अटॅक आला आणि संपलं. दर डिसेंबरला ते बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद आणून घरी चांदणी (नाताळला दारात लावायचा कागदी तारा) करायचे, रेडिमेड कधी लावू दिली नाही. २४ ला रात्री कॅरोल पार्टी, म्हणजे घरोघर नाताळची गाणी गाणारी चर्चच्या तरुण संघाची पोरं, आमच्याकडे मुद्दाम सगळ्यात शेवटी यायची कारण पप्पांच्या हातचा चहा. यंदा मम्मी म्हणते चांदणी नाही, करंज्या नाहीत, तरुण संघाला सांग येऊ नका. आत्या म्हणते वर्षाच्या आत सण करत नसतात. त्यात चर्चमधल्या एक बाई मम्मीला म्हणाल्या, ख्रिस्ती माणसाला आशा असते, तुम्ही एवढं रडताय म्हणजे विश्वास कमी पडतोय. तेव्हापासून मम्मी चर्चलाच गेलेली नाही. आशा आहे हे मलाही पाठ आहे हो, पण संध्याकाळी पप्पांची स्कूटर वाजायच्या टायमाला ती आशा नेमकी कुठे असते ते सांगा.

दौंडकर
ताई, वाईट वाटलं वाचून. आमच्या इकडे केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे तर त्यांचंच सांगतो. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, भाऊ १८८० ला, नवरा १८८२ ला, आणि शेवटी एकुलती एक मनोरमा जुलै १९२१ मध्ये. तरी बाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही, एप्रिल १९२२ मध्ये स्वतः गेल्या. एवढं सोसून विश्वास टिकला, तुम्हीपण धीर धरा.

वसईची_पोर
दादा राग मानू नका पण रमाबाईंच्या मापाने कुणाच्या मम्मीला मोजू नका, चर्चमधल्या त्या बाईंनी तेच केलं ना. आम्ही कॅथलिक, माझा भाऊ गेला त्या वर्षी २ नोव्हेंबरला कबरस्तानात मेणबत्त्या लावल्या तेव्हा रडायला सगळ्यांची परवानगी होती, आणि दीड महिन्याने नाताळ आला तर सगळ्यांना वाटे आता हसायला पाहिजे. मला फादरनी एक गोष्ट दाखवली ती सांगते. नाताळच्या आठवड्यातच २८ डिसेंबरला हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा स्मरणदिन असतो. बायबलमध्ये मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळ येशूला भेटी देऊन जातात आणि लगेच राहेल, इस्राएलची पूर्वज आई, आपल्या मुलांसाठी रडतेय, सांत्वन करून घ्यायला तयार नाही. आणि तिला कुणी गप्प बस म्हणत नाही तिथे. मी त्या वर्षी फुग्या (आमचा नाताळचा तळलेला पदार्थ) केल्या नाहीत, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मात्र गेले आणि शेवटच्या बाकावर बसून पूर्ण वेळ रडले.

रिटायर्ड_पाळक
मुली, त्या बाईंनी पौलाचं अर्धंच वाक्य उचललं. बायबलमधल्या त्याच्या पत्रात, १ थेस्सलनी ४:१३ मध्ये, शोकच करू नका असं नाहीये, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका असं आहे. म्हणजे शोक धरूनच चाललाय तो, आणि पुढे सांगतो की या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. झापा असं नाही म्हणत. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी येशूला माहीत होतं थोड्या वेळात हा जिवंत होऊन बाहेर येणार, तरी येशू रडला. आता त्याचा विश्वास कमी होता म्हणायचं का?
तू विचारलंस आशा कुठे असते. मी चाळीस वर्षं अंत्यविधी केले, माझी बायको गेली तेव्हा मलाही संध्याकाळी सापडायची नाही. आपली आशा आत्मा सुखात आहे एवढ्यावर थांबत नाही, देह उठणार यावर आहे. म्हणून तर शब्द देही झाला, म्हणजे देव माणूस होऊन आला, हे नाताळला वाचतो. पप्पांचे ते चांदणी करणारे हात देवाला नकोसे झालेले नाहीत. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, आणि हेसुद्धा रोज पटतंच असं नाही. आत्यांवर चिडू नको, ती रीत बायबलमधली नाही पण आपल्या बहुतेक घरांत जुनीच आहे. करंज्या नसल्या तर नाताळ अडत नाही.

टोरंटोत_नगरी
इकडे काही चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास, सगळ्यात मोठ्या रात्री, दुःखात असलेल्यांसाठी वेगळी भक्ती ठेवतात, ब्लू ख्रिसमस म्हणतात. बँड नाही, नाटक नाही, मेणबत्ती लावायची आणि गप्प बसायचं. तुमच्या पाळकसाहेबांना विचारून बघा, नाहीतर घरीच करा.

चांदणी_नगर
सगळ्यांचे आभार, दौंडकर दादा तुमचेपण. पाळकसाहेब तुमचा मेसेज मम्मीला वाचून दाखवला, हातांचं वाचल्यावर ती उठून आतच गेली, मला वाटलं चुकलंच माझं. चांदणीच्या काड्या माळ्यावर आहेत, मी काल जोडायला घेतल्या तर पाचवं टोक वाकडंच येतंय, पप्पा कसं करायचे कधी नीट बघितलंच नाही. तरुण संघाला सांगितलंय की या पण ढोलकी नको, एकच गाणं, फाटकातूनच. मम्मीने ते ऐकलं, काही बोलली नाही. रात्री झोपताना विचारते, पोरं किती येतील, दूध सांगायला लागेल.