मदत हवी आहे: नेव्हीच्या मेडिकलला 'टेम्पररी अनफिट', पुढे काय?

कुडाळकर
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. नेव्हीच्या मेडिकलला 'टेम्पररी अनफिट' लिहून हातात कागद दिलाय आणि घरात रणकंदन चालू आहे. रिव्ह्यू म्हणजे नक्की काय, पैसे लागतात का, आणि एवढं करून तिथलं वातावरण राहण्यासारखं असतं का? पटकन सांगा. राजकारण नको प्लीज.

बंड्या 76
एसएसआर (बारावीनंतरची खलाशी भरती) की एमआर (दहावीनंतरची)? अनफिट कशामुळे? मेडिकल कधी झाली? काहीच सांगायचं नाही म्हटल्यावर आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

लाटकर
एमआर असेल तर सोडून द्या. आचारी, स्टुअर्ड नाहीतर साफसफाई. चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त 25 ठेवणार. मुलाला म्हणावं, डिप्लोमा कर.

बोसनकाका
लाटकर, आचाऱ्याला हसू नका. जहाजावर जेवण बिघडलं की सगळंच बिघडतं. मालाडच्या 'हमला' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकून आलेला आमचा आचारी भर पावसाळ्यात, जहाज हेलकावे खात असताना, अडीचशे माणसांच्या चपात्या काढायचा.

जुना मुंबईकर
अगदी! 1946 ला फेब्रुवारीत कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या तळावर उठाव झाला त्याची ठिणगी निकृष्ट जेवणाचीच होती. जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या.

बंड्या 76
मुंबईकर, ती इंग्रजांच्या काळातली रॉयल इंडियन नेव्ही. धागा कुठे चाललाय?

कुडाळकर
कानात चाललाय! कारण 'दोन्ही कानांत मळ' एवढंच आहे. अग्निवीर एसएसआर. मेडिकल होऊन 9 दिवस झाले.

लाटकर
मळ? एवढ्यावरून रणकंदन? कोमट तेलात लसूण कडकवून दोन थेंब सोडा. आमच्या घरी तीन पिढ्या हेच करतो.

डॉ. निनावी
कृपया नको. तेल, लसूण, इअरबड काहीही नको. बडने मळ आणखी आत जातो. कान-नाक-घसावाल्यांकडे जा. ते मळ मऊ करायचे थेंब देतील, मग सक्शनने काढतील. पडद्याला इजा झाली तर तो मात्र खरा अनफिट.

बोसनकाका
जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं: येण्याआधी कान साफ करून घ्या, दातांवरचं कीट काढून घ्या. कोणी वाचत नाही. टेम्पररी असेल तर कागदावर लिहिलेल्या मिलिटरी हॉस्पिटलात 21 दिवसांच्या आत रिव्ह्यू. संधी एकदाच. चलन भरावं लागतं ते पर्मनंट अनफिटवाल्यांना. आणि ओडिशातल्या चिलकाच्या प्रशिक्षण केंद्रात पोचल्यावर पुन्हा एक मेडिकल असते, तेव्हा तिथेही कान स्वच्छ घेऊन जा. आता सांगा, मुलगा घाबरलाय का?

कुडाळकर
मुलगा कोण म्हणालं? धाकटी बहीण आहे. ती अजिबात घाबरलेली नाही. बाबा म्हणतायत, देवानेच नाही म्हटलंय, आता रिव्ह्यू कशाला. मुलगी जहाजावर, शे-दोनशे पुरुषांत. म्हणून वातावरणाचं विचारलं.

बंड्या 76
हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं?!

सांगलीची ताई
माझी भाची अग्निवीर आहे, म्हणून सांगते. नौदलात खलाशी म्हणून मुली 2022 पासून घेतात. पहिली तुकडी मार्च 2023 मध्ये चिलकाहून बाहेर पडली, अडीचशेच्या वर मुली होत्या. भाचीला सगळ्यात जड काय गेलं? पुरुष नव्हे. हुद्दा! अधिकाऱ्यांचं जेवण वेगळं, खलाशांचं वेगळं, कोणाला काय म्हणून हाक मारायची ते वेगळं. घरात लाडकी असलेल्या पोरीला महिनाभर 'मी कोणीच नाही' असं वाटत होतं. मग सवय झाली. आता सुट्टीत आली की आम्हालाच शिस्त लावते.

लाटकर
हातात महिना 21 हजार मिळणार, त्यासाठी ही शिस्त?

सांगलीची ताई
पहिल्या वर्षी. पॅकेज 30 चं, त्यातले 9 हजार कापून निधीत जातात. सरकारही तेवढेच घालतं. चार वर्षांच्या शेवटी व्याजासकट 11.71 लाख. डिप्लोमावाल्या किती पोरांकडे बाविसाव्या वर्षी एवढे असतात?

बोसनकाका
बाबांना सांगा, 2023 मध्येच एका युद्धनौकेची सूत्रं प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे गेली. आपल्या मुंबईच्या. अर्थात त्या अधिकारी, खलाशाची वाट वेगळी. आणि जहाजच मिळेल असंही नाही, किनाऱ्यावरही पोस्टिंग असतं. एक मात्र आधीच सांगून ठेवा: चार वर्षं लग्न करता येत नाही. घरी स्थळं बघणं चालू असेल तर तो वाद वेगळा.

कुडाळकर
तोच तर वाद आहे, काका.

जुना मुंबईकर
अवांतर: नव्या नौदल ध्वजावरचा अष्टकोन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलाय, हे किती जणांना माहीत आहे?

कुडाळकर
कान साफ झाले. डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा बहिणीला स्वतःलाच हसू आलं. सोमवारी कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलात रिव्ह्यू. बाबा बरोबर येतायत, तोंड फुगवून. कोकणकन्येने पहाटे सीएसएमटीला उतरलो तर वेळेत पोचू ना?

नाखवा
मर्चंट नेव्हीचा विचार केलाय का मुलाने? पगार डॉलरमध्ये असतो.

बंड्या 76
वेळेत पोचाल. पण कोकणकन्येचं तिकीट ऐनवेळी मिळालं असेल तर आधी ते कसं मिळालं ते सांगा, त्यासाठी वेगळा धागा काढा.