'कॉम्पेन्सेशन'ला भरपाई म्हणावं का? (संदर्भ: ऑप-ॲम्प)

प्रश्न: सोलापुरात डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, नोट्स मराठीत काढतेय. ऑप-ॲम्पच्या (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपच्या) 'फ्रीक्वेन्सी कॉम्पेन्सेशन'पाशी अडलेय. 'वारंवारता भरपाई' लिहिलं तर एकानं विचारलं, "मॅडम, नुकसान कुणाचं झालं?" 'प्रतिपूरण' लिहिलं तर कुणीच काही विचारलं नाही, ते जास्त वाईट. फीडबॅकलाही (आउटपुट परत इनपुटला देणं) पुनःप्रदाय, प्रतिसंभरण, प्रत्याभरण असे तीन-तीन शब्द सापडतात. काय ठेवू?

उत्तर: मॅडम, पोराची शंका रास्त आहे. ७४१ या ऑप-ॲम्पमध्ये कॉम्पेन्सेशन म्हणजे आतला ३० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर. तो दुसऱ्या गेन स्टेजच्या (सिग्नल वाढवणाऱ्या टप्प्याच्या) इनपुट-आउटपुटमध्ये आडवा बसवलाय, त्यामुळे तो त्या स्टेजच्या गेनमुळे कित्येक पट मोठा असल्यासारखा वागतो (मिलर परिणाम). गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, साधारण ५ हर्ट्झपासूनच उतरायला लागतो, वारंवारता दर दहापट झाली की २० डेसिबलनं, आणि १ मेगाहर्ट्झच्या आसपास १ वर येतो.

हे कशासाठी? प्रत्येक स्टेजमध्ये सिग्नल थोडा मागे पडतो. वारंवारता वाढेल तशी ही पिछाडी वाढते. ती १८० अंशांवर गेली की वजा करायला परत आणलेला सिग्नल मिळवला जायला लागतो. तेव्हा लूप गेन (ऑप-ॲम्प आणि फीडबॅक मिळून एका फेरीचा गेन) १ किंवा जास्त असेल तर इनपुट नसतानाही आउटपुट डोलतं, म्हणजे आपोआप वरखाली होत राहतं. म्हणून पिछाडी तिथवर पोचायच्या आत गेन १ च्या खाली उतरवायचा. म्हणजे भरून काहीच दिलेलं नाही, उलट गेन मुद्दाम सोडून दिलाय. वर स्लू रेटही (आउटपुट बदलायचा कमाल वेग) गेला, मायक्रोसेकंदाला जेमतेम अर्धा व्होल्ट. १९६५ च्या ७०९ या ऑप-ॲम्पला ही जोडणी बाहेरून करावी लागे, १९६८ च्या ७४१ नं ती आत घेतली.

फीडबॅक मात्र फीडबॅकच ठेवा, पण त्याच्या आधी 'ऋण' (वजा होणारा) लावायला विसरू नका. गड्ड्याच्या यात्रेत माईकनं शिटी मारली की साउंडवाला "फीडबॅक येतोय" म्हणतो. पोरांच्या डोक्यात फीडबॅक म्हणजे ती शिटीच असते, आणि ती तर धन, म्हणजे मिळवल्या जाणाऱ्या, फीडबॅकची.

आणखी एकजण: भरपाई सरसकट मोडीत काढू नका. इन्व्हर्टिंग (वजा खुणेच्या) इनपुटवरच्या भटक्या, म्हणजे न लावता आपोआप आलेल्या, कपॅसिटन्समुळे सिग्नल मागे पडतो, तेव्हा आपण फीडबॅक रेझिस्टरला समांतर छोटा कॅपॅसिटर लावतो. फीडबॅक रेझिस्टर गुणिले हा कॅपॅसिटर हा गुणाकार, इनपुटकडचा रेझिस्टर गुणिले तिथला कपॅसिटन्स याच्याइतका आला की मागे पडलेली कला (फेज) पूर्ण भरून निघते. ही शब्दशः भरपाई आहे.

आणखी एकजण: सरळ 'दुरुस्ती' म्हणा की.

उत्तर: दुरुस्ती म्हटलं की पोरं सोल्डरिंग आयर्न तापवायला घेतील.

मॅडम: मग दोन शब्द करू? आणि केबलचं काय? लूमवरच्या ताणाच्या सेन्सरपासून पॅनेलपर्यंत लांब शिल्डेड वायर असते. फॉलोअर (इनपुटइतकंच आउटपुट देणारं, गेन १ चं सर्किट) तिथे डोलतो.

उत्तर: शिल्डेड वायरचा कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. तो आउटपुटवर पडला की आउटपुट रेझिस्टन्सबरोबर मिळून आणखी पिछाडी आणतो. फॉलोअरमध्ये अख्खं आउटपुट परत येतं, म्हणून तोच आधी डोलतो. आउटपुट आणि वायर यांच्यात ४७ ते १०० ओहम टाका, फीडबॅक मात्र रेझिस्टरच्या अलीकडून, थेट ऑप-ॲम्पच्या पायावरून घ्या. एमआयडीसीत याला 'आयसोलेशन रेझिस्टर' म्हणतात, नोट्समध्येही तेच लिहा.

शब्दांचं माझं मत असं: वरचा शब्द 'कॉम्पेन्सेशन'च राहू दे. त्याखाली ७४१ ला 'गेन उतरवून स्थिरीकरण' आणि समांतर कॅपॅसिटरला 'कला-भरपाई'. प्रतिपूरण कंसातसुद्धा नको.

मॅडम: ओपी-३७ या ऑप-ॲम्पला 'डीकॉम्पेन्सेटेड' म्हणतात. 'कॉम्पेन्सेशन नसलेला' चालेल?

उत्तर: नाही चालणार. 'कमी कॉम्पेन्सेट केलेला' लिहा. कॉम्पेन्सेशन आत आहेच, फक्त वेगासाठी कमी ठेवलंय. फीडबॅक लावल्यावरचा गेन ५ किंवा जास्त असेल तरच तो स्थिर राहतो. ओपी-२७ (त्याचाच पूर्ण कॉम्पेन्सेट केलेला भाऊ) काढून त्या जागी हा बसवला आणि फॉलोअर केला, तर डोलणारच.