टाकीतल्या माशांचे क्रमांक सारखे बदलतात

प्रश्न: नागपूरजवळ शेतात तिलापियाची सिमेंटची टाकी आहे, कॅमेरा पाण्यात. योलो (चित्रातल्या वस्तू ओळखणारं मॉडेल) मासे नीट पकडतं, पण बाइटट्रॅकमध्ये (प्रत्येक माशाला क्रमांक देऊन फ्रेममागून फ्रेम त्याचा माग ठेवणारा प्रोग्राम) दोन मासे आडवे गेले की क्रमांकांची अदलाबदल होते. फ्रेम सेकंदाला १०.

उत्तर: १० फारच कमी. दचकलेला मासा दोन फ्रेममध्ये अंगभर पुढे जातो, योलोने माशाभोवती आखलेल्या चौकटी एकमेकींवर येतच नाहीत, जोडणी तुटते. २५-३० ठेवा. शटर १/२०० सेकंद, नाहीतर शेपटीचा नुसता फराटा दिसतो.

उत्तर: कॅलिब्रेशन (चित्रावरून खरी मापं काढता यावीत म्हणून कॅमेऱ्याची जुळणी) पाण्यातच केलंत ना? कॅमेऱ्यापुढच्या सपाट काचेमुळे पाण्यात फोकल लांबी (जितकी जास्त, तितकी वस्तू मोठी दिसते) साधारण १.३३ पट होते. हवेतले आकडे वापरले तर मासा मोठा मोजला जातो. काचेवरचं शेवाळही पुसत राहा.

प्रश्नकर्ता: कॅलिब्रेशन हवेतच केलं होतं! रात्री ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) दिवा चालेल?

उत्तर: नको, पाणी तो प्रकाश पटकन शोषतं. ८५० घ्या, कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला लावा. शेजारीच लावला तर गाळाचे कण चमकतात आणि योलो त्यांनाच मासे समजतं.