फ्रँकफर्टला जाताना आईबाबांची बॅग हरवली, कंपनी किलोच्या हिशोबाने ४२० डॉलर देते म्हणते, घ्यावं का?

विजापूररोडवाली

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरंपण अर्धवट येतात. माझी धाकटी बहीण फ्रँकफर्टला असते, तिच्या बाळंतपणासाठी आईबाबा दिवाळी झाल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी गेले होते. इथून सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, मुंबईहून आखातात विमान बदलून फ्रँकफर्ट, एकाच तिकिटावर पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं. दोन बॅगा चेक इन केल्या, पट्ट्यावर एकच आली. दुसरी आजतागायत आलेली नाही. तिथल्या काउंटरवर बहिणीने त्याच रात्री तक्रार नोंदवली, पीआयआरचा, म्हणजे बॅग न मिळाल्याच्या तक्रारीचा, कागद आहे, टॅगची चिठ्ठीपण बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेली आहे तशीच.

त्या बॅगेत काय होतं ते सांगते. सगळा बाळंतविडा त्यातच होता. आज्जीने जुन्या इरकलींची शिवलेली गोधडी, सहा दुपटी, टोपडी, बाळाचे चांदीचे वाळे आणि करदोटा, दोन चादरी, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, शेंगाचटणी, कडक भाकरी, आणि बाबांचे सगळे गरम कपडे. बाबा तिथे उतरले ते पातळ शर्टावर, बाहेर पाच डिग्री. दुसऱ्या दिवशी जाकीट, बूट, आतले गरम कपडे घ्यावे लागले, ३१० युरोची बिलं आहेत.

पहिल्या विमानाची कंपनी म्हणते आम्ही पुढच्यांना बॅग दिली, पुढचे म्हणतात आम्हाला मिळालीच नाही. आता आईबाबा गड्ड्याच्या जत्रेच्या आधी परत आलेत, आणि परवा मेल आला की बॅग सापडत नाही, वजन २१ किलो, किलोला २० डॉलर, म्हणजे ४२० डॉलर देतो, सोबतचा फॉर्म सही करून पाठवा. फॉर्मवर लिहिलंय की यापुढे कसलाही दावा करणार नाही.

आई म्हणते सोड, मिळतंय ते घे. पण मला झोप लागत नाहीये. आज्जी मार्चमध्ये गेली, ती गोधडी तिने हॉस्पिटलात बसून पुरी केली होती. पैशाने ती येणार नाही हे कळतं, पण ४२० डॉलर हा आकडा कुठून आला ते तरी कळू द्या. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

टॅगनंबर

ताई, आधी आज्जींबद्दल वाईट वाटलं.

मी मूळचा सोलापूरचाच, मुंबई विमानतळावर बॅगेजच्या काउंटरवर नऊ वर्षं काम केलंय, आता सोडलं. पैशाचं नंतर कुणीतरी सांगेल, मी आधी बॅगेचं सांगतो कारण बॅग अजून सापडू शकते आणि कंपनीचा माणूस तुम्हाला हे सांगणार नाही.

पीआयआरवर दहा अक्षरी नंबर असतो, पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन कंपनीची, मग आकडे. तो वर्ल्डट्रेसर नावाच्या सिस्टीममध्ये जातो, जगभरच्या बहुतेक कंपन्या तीच वापरतात. टॅग शाबूत असला तर बॅग दोनतीन दिवसात मिळते. अडकतात त्या टॅग फाटलेल्या बॅगा. विमान बदलताना पट्ट्यावर टॅग निघून पडतो आणि बॅग निनावी होते, मग ती कुठल्यातरी गोदामात पडून राहते. अशी बॅग शेवटी उघडतात आणि आतल्या वस्तूंची यादी सिस्टीमला टाकतात, तिकडून तुमची यादी आणि इकडून त्यांची यादी जुळली तरच मालक सापडतो. आता बघा, पहिल्या रात्री घाईत काउंटरवर काय लिहिलं जातं? "कपडे, खाऊ, भेटवस्तू." अशा बॅगा दुनियेत हजारो. त्याऐवजी गोधडीचे रंग कुठले, काठ कसा, चादरीवर नक्षी काय, लाडवांचा डबा स्टीलचा का प्लॅस्टिकचा, त्यावर नाव कोरलंय का, हे सगळं साध्या इंग्रजीत लिहून पाठवा आणि आमची फाईल यात अपडेट करा असं मेलवर स्पष्ट लिहा. आपल्याकडच्या डब्यांवर नाव कोरलेलं असतं ना, त्या एका नावावरून मी स्वतः एक बॅग चार महिन्यांनी मालकाला दिलेली आहे. आणि हे मेल दोन्ही कंपन्यांना, आखातातल्या विमानतळाच्या लॉस्ट अँड फाउंडलापण.

भवानीपेठ_चादर

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझी बॅग देशातल्या देशात हरवली होती, दोन वर्षांपूर्वी. मी आठ महिने भांडलो, शेवटी बारा हजार मिळाले, त्यातले निम्मे पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसने येण्याजाण्यात आणि झेरॉक्समध्ये गेले असतील. ४२० डॉलर म्हणजे ३७ हजाराच्या आसपास आहेत. आईबाबांचं वय बघा. मी तर म्हणेन घ्या आणि मोकळे व्हा, बाळ सुखरूप आहे ना.

एक_ग्राहक_सोलापूर

भवानीपेठ दादा, तुमचा त्रास खरा आहे पण तुमचा नियम वेगळा आणि ताईंचा वेगळा, त्यामुळे तुमच्या आकड्यावरून त्यांनी ठरवू नये. देशांतर्गत प्रवासात बॅगेच्या भरपाईची मर्यादाच प्रवाशामागे २०,००० रुपये आहे. तुम्हाला त्यातले बारा मिळाले. ताईंचा प्रवास आंतरराष्ट्रीय आहे, तिथे माँट्रियल करार १९९९ लागतो. भारत त्यात २००९ साली आला, आणि आपल्या कॅरेज बाय एअर कायदा १९७२ च्या तिसऱ्या परिशिष्टात तो छापलेला आहे. जर्मनीपण त्यात आहे.

ताई, तो २० डॉलर किलोचा आकडा कुठून आला विचारलंत ना. तो जुन्या वॉर्सा कराराचा आहे, त्यात वजनावर पैसे असायचे. तिकिटांच्या मागे वर्षानुवर्षं तेच छापलेलं असायचं. माँट्रियलमध्ये किलोचा हिशोबच नाही, मर्यादा प्रवाशामागे आहे. ती आधी १००० एसडीआर होती, मग ११३१, मग १२८८, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ झाली. नेटवर जुनी पानं उघडलीत तर जुने आकडे दिसतील, गोंधळू नका. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, त्याचा भाव रोज बदलतो, पण १५१९ म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास धरा. कंपनीने स्वतःच्या अटींमध्ये याहून कमी मर्यादा लिहिली असेल तर ती अट करारानुसार रद्दच असते. म्हणून त्या फॉर्मवर सही करू नका. एकदा "यापुढे दावा नाही" लिहून दिलं की मग मी काय आणि वकील काय, सगळ्यांचेच हात बांधले जातात.

पण हेही नीट ऐका. पावणेदोन लाख ही कमाल मर्यादा आहे, बॅग हरवली की आपोआप मिळणारी रक्कम नाही. तुम्ही जेवढं नुकसान दाखवाल तेवढंच, आणि जुन्या कपड्यांना नव्याचा भाव मिळत नाही. यादी फुगवू नका, एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळींवरपण शंका घेतात. मी असं होताना बघितलंय.

आता एक कामाची गोष्ट. बॅग कुणाच्या नावावर होती? समजा आईंच्या. पण आत बाबांचे कपडे होते. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१२ साली एका स्पॅनिश कुटुंबाच्या प्रकरणात सांगितलंय की दुसऱ्याच्या नावाने चेक इन केलेल्या बॅगेत ज्याचं सामान होतं त्यालापण स्वतःचा दावा करता येतो, फक्त ते सामान आत होतं हे दाखवावं लागतं. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण करार तोच आहे, त्यामुळे पत्रात त्याचा उल्लेख करून दोघांच्या दोन वेगळ्या याद्या द्या.

दोन कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवतायत त्याची काळजी नको. एकाच तिकिटावरच्या प्रवासात बॅगेसाठी पहिल्या कंपनीवर, शेवटच्या कंपनीवर, किंवा जिच्या ताब्यात हरवली तिच्यावर, कुणावरही दावा करता येतो. आपसात भांडायचं ते त्यांनी भांडावं.

विजापूररोडवाली

बापरे, एवढं तर त्या कंपनीच्या मेलमध्ये कुठेच नव्हतं. खूप आभार. बॅग आईच्या नावावर होती.

दोन प्रश्न. बिलं कुठून आणू? वाळे आणि करदोट्याचं सराफाकडचं बिल आहे, चादरी बाबांनी कारखान्यातून घेतल्या त्याचं गुगल पे दिसतंय. बाकी काहीच नाही. आणि गोधडीचं काय लिहू? किंमत काय लिहू?

आणि २१ दिवसात लेखी द्यायचं असतं असं कुठेतरी वाचलं, आमचे तर सत्तरच्या वर झाले. संपलं का सगळं?

एक_ग्राहक_सोलापूर

नाही संपलं. तीन वेगळे नियम आहेत, लोक एकत्र करतात. बॅग तुटकी मिळाली तर ७ दिवसात लेखी तक्रार. उशिरा मिळाली तर हातात आल्यापासून २१ दिवसात. तुमची तर मिळालीच नाही. यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवस उलटले की ती हरवली असं धरून हक्क मागता येतो, म्हणजे इथे २१ दिवस तुमच्या बाजूने आहेत. कोर्टात जायची मुदत विमान पोचलं त्या दिवसापासून २ वर्षं. आणि कंपनीने मेलवर कबूलच केलंय की बॅग सापडत नाही, तो मेल सोन्यासारखा जपून ठेवा.

सातरस्ता_८१

बिलांचं मी सांगते, आमच्या सासूबाईंच्या बॅगेला हेच करावं लागलं होतं. बिल नाही म्हणजे पुरावा नाही असं नसतं. मोबाईलमधले फोटो काढा. बॅग भरताना कुणीतरी फोटो काढलेलाच असतो, बहिणीला व्हॉट्सअॅपवर "हे घेऊ का, ते घेऊ का" विचारलेलं असतं, ते चॅट तारखेसकट काढा. बाबा त्या स्वेटरमध्ये जुन्या फोटोत असतील. नवी पेठेतल्या दुकानदाराकडे जाऊन विचारा, ओळखीचा असेल तर जुनं बिल कॉम्प्युटरवरून काढून देतो, आम्हाला दिलं. प्रत्येक वस्तूपुढे कधी घेतली, कितीला घेतली, पुरावा काय, असं लिहा. ३१० युरोची बिलं वेगळ्या मथळ्याखाली लावा, बॅग नसल्यामुळे करावा लागलेला खर्च म्हणून. पण मग त्याच जाकिटांचे पैसे हरवलेल्या स्वेटरच्या नावाने परत मागू नका, ते कापतातच.

खाण्याच्या वस्तूंचं फार धरून बसू नका. आणि पुढच्या वेळेसाठी सांगते, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तूप त्यातच येतं, त्यामुळे तुपातले लाडू यादीत घालून उगाच वेगळा विषय काढू नका.

वाळे करदोट्याचं मात्र भांडण होणार. जवळपास सगळ्या कंपन्यांच्या अटीत लिहिलेलं असतं की सोनंचांदी चेक इन बॅगेत ठेवू नका, आम्ही जबाबदार नाही. तरी लिहा, बिल आहे ना, लपवायचं कशाला. फक्त बाकीचा सगळा दावा त्या एका ओळीवर अडकू देऊ नका.

गोधडी. ताई, आमच्या सासूबाईंच्या बॅगेत त्यांच्या आईची नथ होती, म्हणून मला कळतंय. किंमत लिहायची असेल तर आज हाताने शिवणाऱ्या बायका तेवढ्या गोधडीचे किती घेतात ते विचारून तेवढी लिहा. त्याच्यापुढे कोणी शिवली आणि कधी, ते एका ओळीत लिहा. वाचणारा माणूसच असतो.

टॅगनंबर

सातरस्ता ताई बरोबर बोलल्या. अजून एक, शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे जर्मनीसारख्या युरोपातल्या देशांच्या व्हिसासाठी, कमीतकमी ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, म्हणजे आईबाबांची पॉलिसी नक्की असणार. ती काढून वाचा, आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसीत चेक इन बॅग हरवण्याचंपण कव्हर असतं आणि लोकांना माहीतच नसतं. पीआयआर आणि कंपनीचं बॅग हरवल्याचं पत्र लागेल. कळवायची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते, म्हणून आजच फोन करा. दोन्हीकडून एकाच वस्तूचे पैसे घेता येत नाहीत, जिथे जे मिळेल ते दुसरीकडे सांगायचं.

भवानीपेठ_चादर

मी वर घ्या आणि मोकळे व्हा म्हणलो होतो ते मागे घेतो. मला माझा २०,००० चा नियमपण आज कळला, मला वाटायचं त्यांनी मेहरबानी केली. ताई, चादरी कुठल्या नक्षीच्या होत्या ते सांगा, आमचं भवानी पेठेतच काम आहे, आजच्या भावाचं लेटरहेडवर लिहून देतो, किमतीच्या पुराव्याला उपयोगी पडेल.

एक_ग्राहक_सोलापूर

हे मस्त केलंत दादा.

ताई, आता क्रम असा ठेवा. आधी दोन्ही कंपन्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला एकच पत्र, त्यात सरळ लिहा की ४२० डॉलर आम्ही स्वीकारत नाही, किलोचा हिशोब माँट्रियल कराराला धरून नाही, सोबत दोन याद्या आणि पुरावे, ३० दिवसात उत्तर द्या. मेल करा आणि स्पीड पोस्टपण करा. त्याचबरोबर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. आणि तरी हलले नाहीत तर आपल्या सोलापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्यानंतर तक्रारदार राहतो तिथे दाखल करता येतं, मुंबईला खेटे घालायचे नाहीत. मोबदला, म्हणजे तुम्ही तिकिटाला दिलेले पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईन भरता येतं, वकील लागतोच असं नाही. तिकीट इथून काढलेलं आणि परतीचं होतं त्याची प्रत जोडा, अधिकारक्षेत्राचा मुद्दा त्यांनी काढला तर कामाला येईल. तक्रार आईबाबांच्या नावाने करा, प्रवासी ते आहेत, तुम्ही अधिकारपत्र घेऊन हजर राहू शकता.

मानसिक त्रासाचे पाच लाख वगैरे कुणी सांगितलं तर त्याच्या नादाला लागू नका. कोर्टाचा खर्च आणि व्याज मर्यादेच्या वर मिळू शकतं, पण बॅगेचं नुकसान मर्यादेतच बसतं. मर्यादा ओलांडायची तर कंपनीने मुद्दाम किंवा माहीत असून बेफिकिरीने केलं हे सिद्ध करावं लागतं, ते तुमच्याकडच्या कागदांवर होणार नाही.

विजापूररोडवाली

आज दिवसभर बसून केलं. आईची यादी २७ ओळींची झाली, बाबांची ११. बहिणीच्या फोनमध्ये दोन व्हिडिओ निघाले, एक आज्जी असतानाचा, गोधडी शिवतानाचा, आज्जीचाच आवाज आहे त्यात, "घडी नीट घाल गं" म्हणते, आणि त्याच्यापुढे लगेच बॅग भरतानाचा दुसरा. दोन्ही जोडते. गोधडी लाल आणि हिरव्या इरकलीची, मधे पिवळा चौकोन, हे वर्ल्डट्रेसरच्या फाईलसाठी लिहून पाठवलं. लाडवांच्या डब्यावर बाबांचं नाव कोरलेलं आहे, तेपण लिहिलं.

पॉलिसीत बॅगेचं कव्हर निघालं, उद्या सकाळी त्यांना फोन. फॉर्मवर सही केली नाही. आई आधी गप्प होती, मग स्वतःच म्हणाली की टोपडी सहा नव्हती, सात होती, सातवं कुंची होतं, लिही.

भवानीपेठ दादा, चादरी मोराच्या नक्षीच्या, एक निळी एक मरून. उद्या दुपारी येऊ का?

भवानीपेठ_चादर

या की. चारनंतर मी आहेच.