सोसायटीत लंगर करायचाय: भंडारा आणि लंगर यात नेमका फरक काय?

त्रिपुरी
यंदा गुरुनानक जयंतीला (म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा) आमच्या सोसायटीत लंगर करायचं घाटतंय. शीख कुटुंबं तीन, बाकी आम्ही सगळे मराठी आणि गुजराती. पानं साधारण २००. आत्तापर्यंत ठरलेलं असं:

खर्च एक सभासद एकटे उचलणार, त्यांच्या नावाचा फलक गेटपाशी. जेवण बुफे पद्धतीनं. वॉचमन, सफाई कामगार आणि घरकामाच्या मावशींना डबे भरून देणार. स्वयंपाक आचाऱ्याकडे, कडाह प्रसादही (गुरुद्वाऱ्यातला कणकेचा शिरा) तोच करणार.

ही यादी शेजारच्या सरदारजी आजोबांना दाखवली, तर "मग भंडाराच म्हणा ना" एवढंच बोलून हसले. चुकतंय कुठे? आणि २०० पानांचा शिधा किती लागेल?

गोदाकाठ
आजोबा बरोबर हसले. तुमच्या यादीत जेवण सोडलं तर लंगराचं काहीच नाही.

भंडाऱ्यात एक दाता असतो, त्याला पुण्य लागतं, बाकीचे जेवून जातात. लंगरात दाता ही जागाच ठेवलेली नाही. शीख आचाराचे तीन पाय सांगतात: नाम जपो, किरत करो, वंड छको. म्हणजे नामस्मरण करा, कष्टानं मिळवा, वाटून खा. 'वंड छको'मधला 'छको' महत्त्वाचा. वाटून मोकळं व्हायचं नाही, वाटून त्याच पंगतीत बसून स्वतःही खायचं. कमाईचा दहावा हिस्सा द्यायचा, त्याला दसवंध म्हणतात. तो गोलकीत, म्हणजे दानपेटीत जातो आणि तिथे सगळ्यांचे पैसे एक होतात. त्यामुळे फलक काढा, गेटपाशी बंद डबा ठेवा. ज्यांना एकट्यानं खर्च करायचाय त्यांनी त्याच डब्यात टाकावेत, आणि त्या दिवशी ताटं घासायला उभं राहावं. (गुरुद्वाऱ्यांतही संगमरवरी फरशीवर देणगीदारांची नावं कोरलेली दिसतात, ते मला माहीत आहे. आदर्श एकीकडे आणि माणसाची हौस एकीकडे.)

दुसरं म्हणजे पंगत. शब्द आपलाच वाटतो ना? पण मराठीत पंगतीच्या मागे पंक्तिभेद, पंक्तिपावन, पंक्तिबाह्य अशी अख्खी वंशावळ आहे. कुणाला कुठे बसवायचं आणि कुणाला उठवायचं हे ठरवणारी ती पंगत. शिखांनी तोच शब्द उलटा फिरवला. तिसरे गुरू अमरदास (१४७९–१५७४) यांनी पंजाबातल्या गोइंदवालला नियम घातला: 'पहले पंगत, पाछे संगत'. मला भेटायचंय? आधी खाली बसून सगळ्यांबरोबर जेवा. अकबरालाही तिथे पंगतीत बसावं लागलं, असं शीख परंपरा सांगते. शेजारी कोण बसलाय हे न विचारता जेवणं, ही तिथे आत येण्याची अटच होती.

आता तुमचे डबे. वॉचमनचा डबा भरलात त्या क्षणी लंगर संपला. दया म्हणून ठीक आहे, पण लंगर दयेवर चालत नाही. त्यांना पंगतीत बसवा, त्यांची वेगळी पंगत नको, शेवटची तर नकोच. अडचण ड्युटीची असते, तर दर पंगतीला वीस मिनिटं एका सभासदानं गेटवर उभं राहायचं. घरकामाच्या मावशींना आमंत्रण 'वाढायला या' असं देऊ नका. त्या जेवायला येतील, वाढायची इच्छा झाली तर सगळ्यांसारख्या वाढतील.

कढईवाला
गोदाकाठ यांनी तत्त्व सांगितलं, मी शिधा सांगतो. साधाच ठेवा: डाळ, एक भाजी, रोटी, भात, खीर.

डाळ: अख्खे उडीद ७ किलो, चणाडाळ २ किलो. उडीद रात्रभर भिजवा. पाणी ५५ ते ६० लिटर, म्हणून १०० लिटरचं पातेलं घ्या, त्याहून लहान घेतलंत तर उतू जाणारच. मंद आंचेवर चार-पाच तास. टोमॅटो उडीद पूर्ण शिजल्यावरच, आंबट आधी पडलं की दाणा कडक राहतो आणि मग कितीही उकळा. चणाडाळ तळाशी बसून लागते, त्यामुळे शेवटच्या दीड तासात लांब दांड्याचा उलथना तळापासून फिरवत राहायचा. लागलीच तर खरवडू नका, वरची डाळ दुसऱ्या पातेल्यात काढा.

मीठ मोजून घाला. बऱ्याच लंगरांत अरदास, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, होईपर्यंत कुणी चव घेत नाही, त्यामुळे 'अंदाजानं' चालत नाही. एवढ्या डाळीला अर्धा किलो पुरतं.

रोटी: माणशी तीन धरा, ६०० होतात. एका रोटीला ३० ग्रॅम पीठ, म्हणजे १८ किलो कणीक. मोठ्या तव्यावर एका वेळी ८ ते १० बसतात, तासाला १६० ते २०० निघतात. दोन तवे लावा, पहिल्या पंगतीच्या दीड तास आधी सुरू करा. लाटायला आठ-दहा जण पाहिजेत. गोल आल्या नाहीत तरी चालतं, जाड आल्या तर चालत नाही, मध्ये कच्च्या राहतात.

तांदूळ १० किलो. खिरीला दूध २० लिटर, तांदूळ दीड किलो, साखर २ किलो. खीर सजावट म्हणून नाही सांगत. दुसऱ्या गुरूंच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगरातली तुपाची खीर थेट गुरू ग्रंथ साहिबात नोंदलेली आहे.

कडाह प्रसाद: कणीक, तूप, साखर तिन्ही समान, आणि *तोलून* समान. वाटीनं मोजलंत तर साखर वजनाला जास्त भरते आणि कणीक कमी, प्रसाद पाकासारखा चिकट होतो. २०० जणांना माणशी ३०-३५ ग्रॅम धरून प्रत्येकी सव्वा किलो आणि पाणी पावणेचार लिटर. कणीक जाडसर दळलेली हवी, बारीक पिठाचा लगदा होतो. साखर-पाणी वेगळं उकळत ठेवा, तार येऊ द्यायची नाही. कणीक तुपात मंद आंचेवर बदामी होईपर्यंत भाजा, पंचवीस-तीस मिनिटं जातात, घाई केली तर कच्च्या पिठाचा वास राहतो. मग *उकळतं* पाणी घाला. गार घातलं की गुठळ्या. ओतताना मागे सरका, भस्सकन वर येतं. कढईची कड सोडून तूप दिसायला लागलं की उतरवा. तूप वाचवलंत तर तो आपला रोजचा शिरा होईल, तोही चांगलाच, पण वेगळा.

आचारी ठेवा हवं तर, पण डाळीपुरता आणि हाताखाली सभासद घेऊन. चुलीजवळ डोकं झाकलेलं, तंबाखू-गुटखा अजिबात नाही, ही अट त्यालाही.

शब्दवेडी
कढईवाल्यांचा प्रसाद वाचून एक तारीख आठवली: १२ ऑक्टोबर १९२०. तथाकथित खालच्या जातींतले लोक अमृत, म्हणजे दीक्षा, घेऊन शीख झाले आणि अमृतसरच्या दरबार साहिबात (सुवर्णमंदिरात) कडाह प्रसाद घेऊन गेले. तिथल्या पुजाऱ्यांनी तो घ्यायला नकार दिला. वाद झाला, शेवटी ग्रंथ साहिब उघडून हुकूम घ्यायचं ठरलं, म्हणजे जे पान उघडेल तिथलं वचन मानायचं. निघालेल्या शब्दाचा (पदाला शीख 'शब्द' म्हणतात) आशय असा, की गुणहीनांनाही तो स्वतःच क्षमा करतो आणि सेवेला लावतो. प्रसाद स्वीकारावा लागला. पुढच्याच महिन्यात, १५ नोव्हेंबरला, गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी स्थापन झाली.

हे मुद्दाम सांगते, कारण 'शिखांत जात नाही' हे वाक्य फार सहज फेकलं जातं. आदर्श तसा आहे. व्यवहारात पंजाबच्या कित्येक गावांत जातवार गुरुद्वारे आहेत. पण भांडायची वेळ आली तेव्हा ज्याच्यावर बोट ठेवायचं तो ग्रंथ आणि तो प्रसाद समोर होता, म्हणून निकाल लागला.

त्या ग्रंथात आपले नामदेव आहेत, ६१ शब्द. त्यातल्या एकात देवळात भजन करताना त्यांना धरून उठवतात, जात हीन म्हणून, आणि ते 'छीपा' (कापड छापणारा, शिंपी) म्हणून जन्माला का घातलंस असं देवाला विचारतात. त्या दिवशी काही वाचायचंच असेल तर हा राग भैरवातला शब्द घ्या. मराठी लोकांना समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्याकडे या सगळ्याला सर्वात जवळचा म्हणजे काला. काल्याच्या कीर्तनानंतर एकमेकांच्या तोंडात घास घालतात, तिथे उष्टं-खरकटं मानत नाहीत. फरक एवढाच, की काला सप्ताहाच्या शेवटी एकदा येतो आणि लंगर रोज असतो.

त्रिपुरी
डोळे उघडले. फलक रद्द, डबे रद्द. आता चार शंका. १) ज्यांना खाली बसता येत नाही ते ज्येष्ठ? २) जैन कुटुंबांसाठी कांदा-लसूण? ३) सभागृहात ग्रंथ साहिब आणावेत का? ४) वाढायची पद्धत?

गोदाकाठ
१) पंगत जमिनीवरच. १९९८ मध्ये अकाल तख्तानं, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठानं, तसा हुकूमनामाच काढला. त्या सुमारास कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या गुरुद्वाऱ्यांत टेबल-खुर्च्यांवरून मोठा वाद पेटलेला होता. मुद्दा उंचीचा आहे, कुणी वर कुणी खाली नको. गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीकडेला बाकं टाका, पण ती गुडघ्यांसाठी, कमिटीच्या अध्यक्षांसाठी नव्हे.

२) लंगरात कांदा-लसणाला धार्मिक मनाई नाही. मांस नसतं ते मात्र कुणालाही बाजूला बसावं लागू नये म्हणून. तोच विचार पुढे न्या: डाळ-भाजी दोन्ही कांदा-लसणाविना करा, भाजीत बटाटा नको, दुधी घ्या. 'जैन काउंटर' वेगळा लावलात तर पंगत पुन्हा फुटली. आणि जेवण सूर्यास्ताआधी आटपा.

३) आणू नका. त्याला चांदवा (वरचं छत), मंजी साहिब (ग्रंथाचं आसन), रुमाला (झाकायचं वस्त्र), चौरी (चवरी), सतत कुणीतरी हजर, ये-जा करताना आणि घेऊन येताना पाळायची सगळी मर्यादा लागते. तुमच्या सभागृहात आदल्या रात्री वाढदिवसाची पार्टी असेल! तीन कुटुंबांपैकी कुणी अरदास केली तर पुरे. कडाह प्रसाद मात्र अरदास आणि कृपाणीचा स्पर्श झाल्यावरच प्रसाद, त्याआधी हलवा. त्यातले पाच हिस्से पंज प्यारे, म्हणजे खालशाची पहिली दीक्षा घेतलेले पाच जण, यांच्या नावानं आधी काढतात, मग सगळ्यांना सारखाच. ओळखीच्याला दोन मुठी असं चालत नाही. त्या पाचांतले भाई साहिब सिंग बिदरचे, व्यवसायानं न्हावी. नांदेडहून बिदर किती लांब आहे ते पाहा म्हणजे झालं.

४) पन्नासांच्या चार पंगती करा. प्रत्येकीला आठ वाढपी: ताटं एक, रोटी दोन, डाळ दोन, भाजी एक, भात-खीर एक, पाणी एक. रोटी ताटात टाकायची नाही, घेणारा दोन्ही तळवे पुढे करतो आणि त्यात ठेवायची. रोटीला 'प्रशादा' म्हणतात, वाढपी 'प्रशादा जी' असं पुकारत जातो. कमी घ्या, पुन्हा घ्या, टाकू नका. शेवटचा जेवून उठेपर्यंत पुढची पंगत बसवायची नाही.

कढईवाला
राहिलं ते ताटांचं. कागदी-थर्माकोल नको, स्टीलची २०० भाड्यानं आणा. एका ओळीत चार टब: पहिल्यात खरकटं झटकून बुडवायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्या-चौथ्यात साधं पाणी. दर पंगतीनंतर पहिला टब बदला, नाहीतर तिसऱ्या पंगतीपर्यंत सगळ्या ताटांना डाळीचा तवंग येतो. आणि टबांपाशी कोण उभं राहणार याची यादी आधी लावा. वाढायला सगळे धावतात, तिकडे कुणी फिरकत नाही. फलकवाल्या सभासदांचं नाव पहिल्या टबाला लिहा.