वाईचे घाट माहीतगारासोबत सावकाश पाहायचे आहेत. सुरुवात कुठून करावी?

प्रश्न – पुणेकर_प्रवासी
नमस्कार. सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन वाईला जाण्याचा विचार आहे. कृष्णेचे घाट एखाद्या स्थानिक माहीतगारासोबत पायी, न घाईने पाहावेत अशी त्यांची इच्छा आहे. एका सकाळी घाट आणि मेणवली दोन्ही होईल का?

उत्तर – कृष्णाकाठ
सुरुवात गणपती आळीच्या घाटापासून करावी. ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. बहुतेक लोक दर्शन घेऊन परततात. आपण मात्र मंदिराची मागची भिंत आवर्जून पाहावी. पुराचा लोंढा अंगावर न घेता दोन्ही बाजूंना वळवता यावा म्हणून ती माशाच्या आकाराची, प्रवाहाकडे निमुळती होत गेलेली बांधलेली आहे. तिथून जवळच काशीविश्वेश्वराचे मंदिर आहे. तिथल्या काळ्या पाषाणातील नंदीच्या गळ्यातील घुंगुरमाळ इतकी बारकाईने कोरलेली आहे की एकेक घुंगरू वेगळे दिसते. मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी असे पुढचे घाट जमतील तेवढेच पाहावेत. सगळे घाट पाहिलेच पाहिजेत, हा हट्ट मला तरी अनाठायी वाटतो.

उत्तर – दगडी_पायरी
वरील मताशी सहमत आहे. फक्त मेणवली त्याच सकाळी कोंबू नये. गाव वाईपासून जवळ असले तरी तिथे वाहनानेच जावे आणि चार वाजल्यानंतर जावे. नाना फडणवीसांचा वाडा व त्यामागचा घाट निवांत पाहण्यासारखा आहे. घाटावरील मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली घंटा मूळची पोर्तुगीज चर्चमधली असून तिच्यावर मेरी आणि बाल येशू यांची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या घंटा विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रातील अनेक देवळांत गेल्या, त्यांतलीच ही एक. ही गोष्ट माहीतगाराकडून तिथेच उभे राहून ऐकावी.

उत्तर – आळीतला_एक
वडीलधाऱ्यांसाठी दोन सूचना कराव्याशा वाटतात. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, शिवाय धरायला कठडा नसतो. म्हणून वरच्या फरशीवरूनच चालावे आणि पावसाळा टाळावा. हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव असतो व प्रत्येक घाटाचा तो वेगवेगळ्या दिवसांत होतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांना यश मिळावे म्हणून बोललेल्या नवसातून तो सुरू झाला, असे परंपरा सांगते. उत्सवात घाट सजलेले दिसतात, पण गर्दी असते. सावकाश फिरायचे असेल तर उत्सव नसलेला घाट निवडावा.

पुणेकर_प्रवासी
आभारी आहे. मग सकाळी गणपती आळी, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी मेणवली असेच ठरवतो.